नमुना सीलबंद नाही

संगमवाडीला ट्रॅव्हल्सच्या डिकीतून उतरली बाटली,
सरबताची, लेबल नखानं खरवडलेलं.
क्लीनरनं वीस रुपये मागितले, मी दिले.
सोबत वहीचा कागद, चार घड्या:
"मॅडम, भरलं तव्हा पानी साफ होतं काचावानी.
नाल्याचं आहे, कोळसा खदानीच्या खालचं.
याच पान्यावर आमचा हरभरा.
भिजवू का नको, येवढंच सांगा.
नथ्थू ठावरी, मोहदरा, वणीकडलं."

आता साफ नव्हतं.
रात्रभराच्या हादऱ्यांत
पाण्यातलं लोखंड हवेला भेटलं होतं
आणि तळाशी बसला होता
हळद आणि कुंकू यांच्या मधल्या रंगाचा साका.

शिवाजीनगरच्या आमच्या प्रयोगशाळेत
पहिल्याच टेबलावर शिक्का असतो:
'नमुना विहित पद्धतीने घेतलेला नाही.'
तो उमटला की पाणी पाणी राहत नाही,
नुसतं ओलं काहीतरी होतं.
पानसे सर म्हणाले, सील कुठाय? साक्षीदार?
बेसिनमध्ये ओत.

मी हो म्हटलं.
जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मीटर बुडवला.
चार पूर्णांक दोन.
म्हणजे टोमॅटोच्या रसाइतकं आंबट,
आणि पिकाला रोज टोमॅटोचा रस कोण पाजतं?
बेरियमचे चार थेंब सोडले,
परीक्षानळीत एकदम पांढरा ढग उठला,
कुठेच न पडणारा.

पण सल्फेट त्यानं विचारलंच नव्हतं.
मग घरच्या डब्यातला हरभरा आणला, उसळीसाठी ठेवलेला,
दोन बशांत मोजून बारा-बारा दाणे.
एकीत त्याचं पाणी.
दुसरीत आमच्या नळाचं, खडकवासल्याचं.
चौथ्या दिवशी नळाच्या बशीत
बाराही दाण्यांनी पांढरे पाय पसरले होते.
त्याच्या बशीत पाच जण उठले,
टोकं विझलेल्या काडीसारखी.

फोटो पाठवला. त्याचा फोन आला.
"हे पांढरे मोड कोनत्या पान्याचे?"
पुण्याच्या, म्हटलं.
मागे डंपर रिव्हर्स घेत होता, टीं टीं टीं.
"मंग तेच पाठवा ना थोडं. तीन एकर आहे."
मी हसले. तो हसला का, कळलं नाही,
डंपर फार जवळ होता.

त्या संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे वेळेवर लागले.
कुठल्या कोळशावर, ते मी काढत बसले नाही.
कोथिंबीर घेतली, आणि जुडी झटकताना
भाजीवालीला विचारलं, कोणत्या पाण्यावरची?
"कालव्याच्या," ती म्हणाली.
पुढचं गिऱ्हाईक गेल्यावर, हळूच:
"म्हंजे नदीच्याच, ताई. पुलाखालच्या."
जुडी मी परत केली नाही.

अकरा दिवसांनी दोन बाटल्या आल्या.
एकीच्या तोंडावर मेणबत्तीचं मेण,
गळ्याला चिकटवलेल्या कागदावर दोन सह्या, एक अंगठा,
तारीख, वेळ, आणि "साक्षीदार: पोलीस पाटील".
दुसरीच्या झाकणाला दाभणानं पाडलेली भोकं.
"ही सायबाले दाखवू नका.
नाल्याच्या वरल्या अंगाचं आहे, खदान लागायच्या आधीचं.
पाच कोस चाललो. तिथं अजून असं आहे."

अर्ध्या बाटलीत, उजेडाकडे तोंड करून,
नखाएवढा एक मासा.
जिवंत.

रजिस्टरात बारा रकाने आहेत,
रंग, वास, गढूळपणा, कठीणपणा...
मी पेन उघडून बसले.
पानसे सर केव्हा मागे येऊन उभे राहिले कळलं नाही.
चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत होते.
"याला सील नाही," म्हणाले,
पण बेसिनकडे बोट दाखवलं नाही.

दुपारपर्यंत मासा वर यायला लागला,
तोंड उघडत, मिटत.
पाणी बदलायला हवं होतं.
आमच्या नळाला क्लोरीनचा वास.
घालू का नको,
येवढंच कुणी सांगा.