डावा कान

हातरुमाल इस्त्रीखाली धरतो,
दोन घड्या, तीन घड्या,
मग आधी माझ्या मनगटाला लावून बघतो,
जिथे दुधाचा थेंब टाकून बघतात तिथे.
थोडी फुंकर. पुन्हा मनगट.
मग शलाकाच्या कानावर, बाहेरून, हळूच.

रात्रीचे दोन वाजलेत.
निफाडचा पारा उद्या पेपरात येईल,
आमच्या जेल रोडचा कोण छापतो.
वृषाली सिन्नरला, रात्रपाळीत,
तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो.
जाताना तीन गोष्टी सांगून गेली,
त्यातली एक मी विसरलो.

संध्याकाळी डॉक्टर खैरनारांनी
कानात उजेड घालून पाहिलं.
आत लाल आहे म्हणाले, पडदा फुगलाय.
ड्रॉपरवर पेनाने रेघ मारून दिली,
इथपर्यंत, पुढे नाही.
आणि कानात काही म्हणजे काही घालायचं नाही.
हे माझ्याकडे बघून म्हणाले,
वृषालीकडे नाही.

नऊला जमदाडे मावशी आल्याच,
वाटीत तेल, तेलात काळ्या झालेल्या लसणाच्या पाकळ्या.
त्यांची मायाही वाटीइतकीच कोमट.
मी वाटी घेतली, बरं म्हटलं,
ओट्यावर ठेवून वर ताटली झाकली.
तरी वास घरभर आहे.
त्या वासाची आणि माझी जुनी ओळख.

चार वर्षांचा असेन. भगूर.
बाहेर दिवाळी होती की तोफा, सांगता येत नाही.
आईने माझं डोकं मांडीवर आडवं घेतलं
आणि तिच्याकडे होतं ते ओतलं.
तिला कुणी रेघ मारून दिली नव्हती.
तेलाने म्हणा, आजाराने म्हणा,
त्यानंतर डावीकडचं जग
जरा लांब राहायला गेलं.
मी कधी विचारलं नाही. तिनेही नाही.

शलाका आडवी केली की रडते,
उभी धरली की जरा कमी.
एवढंच शास्त्र मला कळलंय,
म्हणून चालतोय,
मोरीपासून गॅलरीच्या दारापर्यंत अकरा पावलं,
वळताना सिलिंडर.
ती डाव्या खांद्यावर,
कारण उजवा हात रुमालाला लागतो.
तिचं तोंड नेमकं माझ्या त्या कानापाशी.
ती किंचाळते आणि मला ऐकू येत नाही,
म्हणजे येतं, पण हाडातून,
गळ्याच्या हाडातून दातांपर्यंत,
जसं अंबडला पंचिंग मशीन सुरू झालं
की आधी तळपायांना कळतं.

समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवा लागला, विझला.
माफ करा हो.

देवळालीकडून एक तोफ. रात्रीच्या सरावाची.
काच थरथरली,
गॅलरीतल्या बादलीतलं पाणीसुद्धा.
ती दचकेल वाटलं.
पण रडं अर्ध्यावर ठेवून
तिने मान वळवली.
दुखऱ्या कानाने ऐकलं की चांगल्या, ठाऊक नाही,
पण ऐकलं.
मी सिलिंडरपाशी तसाच उभा,
दुसऱ्या तोफेची वाट बघत,
आयुष्यात पहिल्यांदा.
झाली.
तिने पुन्हा मान वळवली.

आता रुमाल गार झालाय
आणि तिचा श्वास माझ्या मानेवर लांब लांब पडू लागलाय.
इस्त्री पाच पावलांवर.
जाऊ दे. तळहातच ठेवला कानावर,
लोखंड धरून खरखरीत झालेला,
पण गरम आहे.

आणि तेवढ्यात आठवली
वृषालीने सांगितलेली तिसरी गोष्ट.
कोपऱ्यात इस्त्रीचा लाल ठिपका,
चालूच.
पाच पावलांना किती वेळ लागला
मोजला नाही.
तिला तसूभर न हलवता
पायाच्या अंगठ्याने
बटण बंद केलं.