म्यान

विट्यात एसटी स्टँडच्या मागं माझं दुकान.
बापानं मोटा शिवल्या, मी पट्टे शिवतो:
कमरेचे, दप्तरांचे, शर्यतीच्या बैलांच्या गळ्यातले.
जालिंदरशेठ आला, कोइमतूरला तीस वर्षं सोनं गाळून,
आणि गल्ल्यावर फडकं सोडलं.
"लायसन हाय," म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

"बारक्या नळीचं घ्या, खिशात मावंल,
असं सांगत हुता इकणारा.
म्हनलं, मावतंय ते दिसत न्हाई."

मोबाईलवर फोटो दाखवला: धूळ, टोपी,
मांडीवर लोंबणारं कातडं, गोळ्यांच्या घरांची रांग,
खाली मांडीला आवळायची वादी.
"हुबेहूब असं. होल्स्टर."
मी त्याला म्यानच म्हणतो.
घोडा कुठाय, विचारलं,
तर बाहेर उभ्या स्कूटरकडं बघून हसला.

हत्यार रात्री दुकानात ठेवता येत नाही.
म्हणून मापं घेतली, अन् बाभळीचं एक तासलं,
घोड्यासकट, चक्रासकट.
त्याच्यावर भिजलेलं म्हशीचं कातडं ताणून
दोन दिवस सावलीत टांगलं.
ओलं कातडं ज्याच्याभोवती वाळतं
त्याचंच होतं.

मग शेठची चाल बदलली.
उजवा हात अंगापासून वीतभर लांब,
काखेत गळू झाल्यासारखा.
भाच्याच्या लग्नात पंगतीला मांडी घालता येईना,
खुर्ची मागवली. नळीचं टोक
आमटीच्या वाटीला लागलं, तरी
वादी सोडली नाही.

निवडणूक लागली. ठाण्यात हत्यारं जमा.
पावती खिशात, अन् रिकामं म्यान
वाळल्या शेंगेसारखं मांडीवर वाजायचं.
दिवेलागणीला आला. इकडं तिकडं बघून
हळूच म्हणाला,
"ते लाकडाचं हाय का रं अजून?"

खिळ्यांच्या डब्यामागं होतं. दिलं.
खऱ्यापेक्षा चापून बसलं.
बसणारच, म्यान त्याच्याच मापाचं.

दुसऱ्या दिवशी परत.
"हलकं लागतंय. चाल जमंना.
आत शिसं वतूया."
शिसं त्यानंच आणलेलं, मूसही.
नळीत मी गिरमिटानं भोक पाडलं,
तो माझ्या शेगडीपुढं उकिडवा बसला,
वादी सुटलेली, हे त्याच्या ध्यानात नव्हतं.
तीस वर्षांची फुंकर. रंग बघून
"आता," एवढंच म्हणाला, अन् ओतलं.
थेंब सांडला नाही.
हात अंगाला लागून, जसा असावा तसा.

आत बाभूळ चुरचुरली.
नळीतून धूर आला,
निळसर, बोटभर.
आम्ही दोघंही जरा मागं सरलो.