नुकसानीची तारीख

उस्ता झन्नून दगडाला कान लावतो,
मग छोट्या हातोडीने टकटक.
खणखणीत वाजला तर पुढे.
बद्द वाजला तर माझ्याकडे बघतो
आणि मी खडूने फुली मारते.

टायग्रिस इथून दिसत नाही, वास येतो.
जुन्या मोसुलमधलं हे आमचं बाविसावं घर.
नोंदवहीत रकाने आहेत:
भिंत, उंची, छिद्राचा व्यास, खोली,
नुकसानीची तारीख.

छिद्राचं काय घेऊन बसलीस, तो म्हणतो,
बोट जाईल एवढंसं.
गोळी थांबते तिथून चीर चालायला लागते,
दगडाच्या पोटातून, दाण्यादाण्यामधून,
बाहेर कुणाला पत्ता नाही.
मग पाणी शिरतं.
पाणी सुकतं, मीठ राहतं,
मीठ आतल्या आत फुलतं,
आणि कधीतरी, बाजार भरलेला असताना,
पोरं शाळेतून येत असताना,
कलिंगडाएवढा ढलपा खाली येतो.

दारावरच्या कमानीशी तो थबकतो.
इथलाच करडा दगड, वर कोरलेली दोन डाळिंबं.
आग इथवर पोचली होती.
मी एका डाळिंबाला हात लावला,
बोट पांढरं झालं.

"जिप्सम आहे, पोरी.
भट्टीत आम्ही हेच भाजतो,
त्याच्याच पिठाने भिंती सांधतो.
यांनी भट्टीचं काम फुकटात करून दिलं."
हसतो. मग खोकतो.
बराच वेळ खोकतो.

उम्म नशवान चहा आणते.
परतून सात महिने झाले तिला,
अंगणात निळी प्लास्टिकची खुर्ची, दोरीवर चादरी,
तुतीला पाला फुटलाय.
ती विचारते, झोपू ना आम्ही याच खोलीत?

उस्ता उठतो. भिंत वाजवतो.
बद्द.
जरा वर. बद्द.
खाली, कोपऱ्यात, पुन्हा वर.
साखर ढवळल्यासारखा चमचा फिरवत राहतो
रिकाम्या पेल्यात.
"खाटा पलीकडे घ्या," म्हणतो,
"तिकडे वारा बरा येतो."

बाहेर गल्लीत मी शेवटच्या रकान्याशी अडते.
तारीख काय लिहू, उस्ता?
वेढ्याची? आगीची?
"कोरा ठेव.
अजून पडायची आहे."

तेविसाव्या घराची पहिलीच भिंत बद्द.
खडू संपला होता.
मी फुली मारली
बोटावर उरलेल्या डाळिंबाने.