तीन नंबरचा मीटर

अंगणवाडीतून सुटले तेव्हा जी रक्कम एकदम हाती आली
तिच्या मी चार खोल्या बांधल्या, गिरड रोडच्या अंगाला.
वर टिन, खाली शहाबादी, दोघांत एक न्हाणी,
प्रत्येक दारावर चुन्याने आकडा.
हे म्हणाले, झाली मालकीण.
मी म्हणाले, आणि तुम्ही?
म्हणाले, किरायेदार. फुकटातला.

ह्यांना किराया मागता येत नाही.
पाच तारखेला जातात आणि चहा पिऊन परत येतात.
म्हणून वही माझ्याकडे, लाल पुठ्ठ्याची.
अशाच वहीत आधी पोरांची वजनं लिहीत होते:
कोण भरलं, कोण उतरलं, कोण तसंच राहिलं.
हात तोच आहे. किलोच्या जागी युनिट आले.

एक नंबरात बियाणं कंपनीचा पोरगा, खिळे ठोकतो.
अकरा महिन्यांत एकोणीस.
दोनमध्ये नर्सबाई, रात्रपाळीच्या;
दुपारी त्यांच्या दारासमोर मी ह्यांना खोकू देत नाही.
चार रिकामी राहिली की मला झोप नाही,
भरली की तिथल्या पाहुण्यांमुळे नाही.

तीनमध्ये होते पेंदाम. कोरचीकडचे,
जनावरांच्या दवाखान्यात.
सकाळी मोटारसायकलवर निघत, दिवेलागणीला येत,
खिळा नाही, पाहुणा नाही, आवाज नाही.
बिल मात्र सगळ्यांहून मोठं.
"काहून जी, दिवसभर तुमी खेड्यायनी,
मंग एवढी लाईन जाते कुठी?"
"कूलर असन, काकू."
"डिसेंबरात?"
ते हसले, नोटा मोजून दिल्या.
मी वहीत आकड्याखाली रेघ मारली, जरा दाबून.

सव्वीस महिन्यांनी त्यांची बदली झाली.
भिंतीत औषधाचा वास बसला म्हणून
डिपॉझिटमधून मी चारशे कापले.
त्यांनी भिंत हुंगून पाहिली आणि मान हलवली.

मग मोटर जळाली.
अन्सार आला, वायर धरून धरून मागे गेला,
न्हाणीच्या वरून, जिन्याखालून,
आणि तीन नंबरच्या दाराशी थांबला.
"काकू, तुमची मोटर तं ह्या मीटरवर हाय."

म्हणजे नर्सबाईंचे कपडे, चारच्या पाहुण्यांचे पाय,
माझं आंब्याचं कलम,
ह्यांची उन्हाळ्यातली दोन वेळची आंघोळ,
सगळं पेंदामनं भरलं.

वही उघडली. महिन्याचे तीस युनिट, सव्वीस महिने,
आठाच्या भावाने सहा हजार दोनशे चाळीस.
वर ते चारशे.
फोन तिसऱ्या दिवशी लागला.
"मले दुसऱ्याच महिन्यात समजलं होतं, काकू.
मोटर सुरू झाली का माहा पंखा हळू होये."
"मंग बोलले काहून नाही?"
"तुमी वही उघडली का
मले वजनकाट्यावर उभं केल्यावानी वाटे."

राग आला. त्यांचाच.
भांडणारा किरायेदार परवडला,
त्याचा हिशेब महिन्याच्या महिन्याला फिटतो.
असा मुक्यानं भरत जाणारा
आपल्याला किती वर्षं कुठे कुठे दिसत राहतो.
सकाळी मोटरचं बटण दाबताना तर रोजच.

बियाणंवाल्या पोराकडून फोनवर पैसे पाठवले,
सहा हजार सहाशे चाळीस, पै न पै.
संध्याकाळी चारशे परत आले.
खाली एक ओळ: वास होता काकू.

चारशे कुठे लिहायचे, कळेना.
जमेला बसेनात, नावेही बसेनात.
हे म्हणाले, त्याचा रंग आण. आणला नाही.

काल पतसंस्थेतला नवा कारकून तीन बघायला आला.
त्यानं विचारायच्या आधीच मी मोटर चालू केली,
त्याला मीटरपुढे उभं केलं,
बघा, हलला का आकडा? नीट बघा.
तो म्हणाला, मीटर ठीक आहे,
पण खोलीत हा वास कसला येतो?
मी म्हणाले, जुनाच आहे.
त्याचे पैसे भरून झालेत.