उतार

आचऱ्याच्या खाडीकाठी फणसाच्या फळीवर रंधा मारता मारता
बाबल मेस्त्री विचारतो, "काय बघलंस थंय?"

मी सांगतो जपानातल्या त्या डोंगरगावाचं.
गल्लीतून वाहणारा पाट, पाटात तांबडे मासे,
कोणी गळ टाकत नाही.
मी दारात काढलेल्या चपला म्हातारी हिसाए
वळवून ठेवायची, तोंडं रस्त्याकडे,
जणू माझं जाणं ठरलेलंच.
वाशाला दोरीनं टांगलेली सोललेली फळं,
बोंबील वाळत घालावेत तशी.

रंधा थांबत नाही.
"घरां कशी?"

गवतानं शाकारलेली. छपरात खिळा एक नाही,
सगळं दोरखंडानं आवळलेलं.

"म्हणजे होडी शिवतत तशी."
आता तो वर बघतो.
"उतार कितको?"

आकडा मला कुठे ठाऊक?
दोन्ही हात जुळवून दाखवतो,
बोटं वर टेकलेली, मनगटं जराशी फाकलेली.
त्याला वाटतो नमस्कार.
भुसा झटकून तोही हात जोडतो.

मग हसतो. माझी मनगटं धरून
मधला कोन एक डोळा मिटून बघतो.
"इतको उतार पाण्याक लागना नाय.
जड काय पडता थंय?"

बर्फ.

"मासळेर घालतत तो?"

तोच. पण रात्रभर,
आणि आवाज नाही.

खाली जेटीवर कोणी लादी फोडतंय,
घाव इथवर ऐकू येतात.
बाबल आपल्या कौलांकडे बघत राहतो.

"आणि त्या म्हातारेच्या घरावरचो
कोण काढता?"

हे मी विचारलंच नव्हतं.