बारदान

पहाटे चारपासून तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
मी गोणी काट्यावर घेतो.
गोणी चढली की आधी बारदान वजा,
मग माती, मग ओल,
उरेल ते कांद्याचं.
सोळा वर्षं मापाडी आहे.
माझ्या आकड्यावरून भांडण झालं असेल दोनदा.

त्यामुळे नेरूळला, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
शायनी मॅडम दुर्वासमोर ठोकळे मांडतात
आणि घड्याळ लावतात,
तेव्हा माझा हात सवयीने शून्य तपासायला जातो.

आज ती नीट झोपलेली नाही.
एसीचा गारठा तिला सोसत नाही.
खाली भट्टी उघडली, पावाचा वास आला,
तिचं नाक तिकडे वळलं, आणि नेमकी तेव्हाच
मॅडमनी हाक मारली, दुर्वा.
दुर्वा.
दुर्वा.
कागदावर तीन फुल्या.
हे बारदान कुणी वजा करायचं?
विचारलं नाही. खुर्ची लहान मुलांची होती,
गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो,
तशा बसण्यातून प्रश्न निघत नाही.

आईबापांचाही पेपर असतो. एकशे चार रकाने.
कधीच नाही, कधीकधी, नेहमी.
मूल बोट दाखवून वस्तू मागतं का?
उज्ज्वला म्हणाली, नाही.
मी म्हटलं, परवा पंख्याकडे केलं होतं.
ते हात वर केले होते, म्हणाली.
हाताला बोटं असतातच ना.
ती हसली नाही. पाण्याची बाटली भरायला गेली,
आणि मी ‘कधीकधी’वर खूण केली.
पुढच्या रकान्यात पण. त्याच्याही पुढच्या.

अंगठा टेकवणारे मी पाहिलेत.
गोणीला नुसता टेकवायचा, बोलता बोलता,
पावशेर कुठे गेलं शेतकऱ्याला कळत नाही.
मापात पाप नको, म्हणायचे आबा,
पोरांचं जेवण त्यावर चालतं.
आणि पोरीच्याच कागदावर
माझा अंगठा.

रात्री सांगितलं उज्ज्वलाला.
ती दुर्वाचे मोजे उलटे करत होती,
शिवण बाहेर आली पाहिजे, नाहीतर दुर्वा पाय आपटते.
म्हणाली, मलाही करावंसं वाटलं होतं.
दुसरा मोजा उलटा केला, मग म्हणाली,
पण मग शिकवतील काय तिला?
येतंय तेच?

गुरुवारी हाफ डे टाकून गेलो.
मॅडम, सात रकाने चुकलेत.
त्यांनी काही विचारलं नाही. कोरा कागद दिला
आणि स्वतःचं पेन.

रिपोर्ट आठवड्याने आला.
वय चार वर्षे दोन महिने. भाषा एकोणीस महिने.
कोपऱ्यात बारीक अक्षरात, उणे दोन.
उणे म्हणजे? या वेळी विचारलं, उभा राहून.
त्यांनी टेकडीसारखी रेघ काढली,
माथ्यावर सगळ्यांची मुलं,
डाव्या उताराला एक टिंब.
म्हणाल्या, मदत किती लागेल त्याचा हा अंदाज, एवढंच.
मी मान हलवली.
पडलेला भाव ऐकून गाळ्यावर लोक हलवतात तशी.

रविवारी मार्केट बंद. दुर्वाला घेऊन गेलो.
रिकाम्या गाळ्यात कांद्याची सालं उडत होती.
तिला काट्यावर उभं केलं. चौदा किलो दोनशे.
लाल आकडे आवडले तिला, वाकून बघत राहिली.
माझं बोट सवयीने बटणावर पडलं.
ती काट्यावर, आणि काट्यावर शून्य.
तेवढ्यात एक साल उडालं,
ती उतरून त्याच्यामागे पळाली.
आकडा लुकलुकला, थांबला.
उणे चौदा दोनशे.

मी गोणीवर बसलो.
ती साल घेऊन आली, माझ्या मुठीत कोंबलं,
परत चढली, परत उतरली,
शून्य, उणे, शून्य, उणे,
दर वेळी आकड्याकडे बघून टाळी.
अठरा वेळा. मी मोजलं.

पुढची तारीख फेब्रुवारीत आहे.