उणे

गेरिट व्हँडरमोलन, काच फुंकणारा,
आमच्यासाठी क्वार्ट्झच्या बोटभर नळ्या ओढतो
आणि देताना विचारतो,
"या वेळी काय मरणार यात?"
आइलीला राग येतो.

सोडियम म्हणजे सदा सैल हात.
बाहेरच्या कक्षेतला एकुलता इलेक्ट्रॉन
मागेल त्याला दिलाच:
पाण्याला, हवेला, घामेजल्या हातमोज्याला.
गमावतो त्याला धन म्हणायचं,
ही रसायनाची रीत.

मग हा पिंजरा.
सहा ऑक्सिजन, दोन नायट्रोजन,
तोंडं आत, पाठी बाहेर,
आइलीच्या आजोबांच्या सॉनात
शेगडीभोवती बसलेले खाणकामगार जसे,
बाहेर सुपीरियर सरोवर गोठलेलं.
लिथियम आत खडखडतं, सीझियम दारात अडतं.
सोडियम बसतं.
अगदी मापात नाही, पण बसतं.
त्याचा इलेक्ट्रॉन बुटासारखा बाहेर राहतो.

आधी सगळं द्रावण निळं.
थंड करत न्यायचं, तासाला दोन अंश,
की तळाशी सोनेरी पत्रे.
बाहेर राहिलेला तो
दुसऱ्याच एका सोडियमनं उचललेला असतो.
जन्मभर देणारा धातू, एक घेऊन बसलेला, उणा.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, चूक असेल.
आइली म्हणाली, मोज.

फेब्रुवारीत झाडं बर्फानं काचेची झाली,
तारा तुटल्या, अख्खं लॅन्सिंग काळोखात.
फ्रीझर उणे चाळीस,
जिथे फॅरेनहाइट आणि सेल्सिअस एकच आकडा बोलतात,
मग उणे एकतीस,
मग आम्ही बघणं सोडलं.
उबेत हे सोनं आपलाच पिंजरा कुरतडतं.
राखाडी चिखल उरतो.

आइलीनं पायातले लोकरी मोजे काढले,
अकरा नळ्या त्यांत गुंडाळल्या,
आणि पार्किंगमागे, जिथे नांगर बर्फाचा ढीग लावतो,
तिथे कोपरापर्यंत हात घालून पुरल्या.
आम्ही गाडीत बसलो, इंजिन बंद.
गेरिट थर्मास घेऊन आला. "कुणाचं मयत?"
कुणी बोललं नाही. कॉफीत साखर नव्हती.

पाचला दिवे आले.
सात राखाडी.
एक तडकलेली, हवा शिरून पांढरी.
तीन तशाच,
टॉर्चखाली खोट्या वाटाव्यात इतक्या पिवळ्या.
गेरिटनं हात लावला नाही, नुसता वाकला,
आपण घातलेला जोड बघत म्हणाला,
"काच चांगली निघाली."

आइली बिनमोज्यांच्या बुटांत उभी,
नखं त्या द्रावणाच्या रंगाची.
मी मोजे झटकत राहिलो.